द्वारकाबाईची मुकी घंटा

फारुकला सुट्टी घ्यायची अक्कल नाही. हे मी त्याला तोंडावर सांगतो आणि तो हसून सोडून देतो.

आम्ही दोघं औंढ्याला एकाच पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो. मी संतराम, सुतार. तो खरादी. म्हणजे मी लाकूड कापून, तासून चौकोनी करून देतो आणि तो ते खरादावर चढवून गोल करतो. पाळण्याचे खांब, बाजेचे खूर, पोलपाट, लाटणी, ताकाच्या रव्या. निम्मं काम माझं, निम्मं त्याचं, आणि बोलणं सगळं त्याचं.

अमावस्येला मी हत्याराला हात लावत नाही. माझ्या बापानं लावला नाही, आजानं लावला नाही. त्या दिवशी वाकस, पटाशी, रंधा पुसून फळीवर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि शेडचं दार ओढून घ्यायचं. फारुकला अमावस्येचं काही नाही. त्याचा खराद थांबतो तो शुक्रवारी दुपारी, नमाजेपुरता. पण चौकोनी लाकूडच हातात आलं नाही तर तो गोल काय करणार? म्हणून माझी अमावस्या त्यालाही लागली, आणि तरुणपणापासून आम्ही हा दिवस डोंगरात काढतो. सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला सागाची, पळसाची, सीताफळाची झुडपी रानं आहेत, तिकडं.

आता सुट्टी म्हणजे माणसानं झाडाखाली आडवं व्हावं, भाकर खावी, पुन्हा आडवं व्हावं. हा बाबा आडवा होतच नाही. एकदा सुगरणीचं पडलेलं घरटं सापडलं, तर त्याची पहिली गाठ कुठं मारली असेल हे बघायला त्यानं ते काडी काडी सुटं केलं. गाठ सापडली नाही आणि घरटंही राहिलं नाही. सुतारपक्ष्याचं डोकं दुखत काहून नाही, या प्रश्नावर आमची एक अख्खी अमावस्या गेली. गल्लीतली पोरं त्याला ‘काहूनचाचा’ म्हणतात आणि त्याला ते आवडतं.

दुसरी गोष्ट आवडत नाही. त्याच्या कामात खोट काढलेली. एकदा एका बाईनं पोलपाट डुगडुगतो म्हणून परत पाठवला. हा पोलपाट काखेत मारून तिच्या घरी गेला, ओट्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवली आणि ती घरंगळत खाली आल्यावर म्हणाला, पोलपाट सरळ हाय, ओटा वाकडा हाय. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण फारुक खराद्याचं काम कच्चं हा शब्द त्याला सोसत नाही. मी म्हणतो, अरे, कधी तरी म्हण ना चुकलं म्हणून, जीभ झडत नाही. तो म्हणतो, चुकल्यावर म्हणीन.

तर अशा माणसाच्या वाट्याला द्वारकाबाई आली.

द्वारकाबाईचं गाव तिकडंच, डोंगराच्या पायथ्याला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा देविदास शेती बघतो आणि ती स्वतः एक लाल कंधारी गाय आणि तिच्या मागची जनावरं घेऊन रोज डोंगरात जाते. गाईचं नाव लाली. बाकीची जनावरं लालीच्या मागं चालतात, म्हणून घंटा फक्त लालीच्या गळ्यात. लाकडाची घंटा, आत लाकडाचाच लोलक. पावसाळ्यानंतर डोंगरावर गवत माणसाच्या छातीला लागतं. त्यात गाय दिसत नाही, फक्त ऐकू येते. ज्याला घंटा ऐकू येते त्याची गाय हरवत नाही, एवढा साधा हिशोब.

यंदा लालीनं मान खडकावर आपटली आणि ती जुनी घंटा उभी चिरली. द्वारकाबाई दोन्ही फाका पदरात बांधून शेडमध्ये आली आणि म्हणाली, बराबर अशीच करून द्या. मी फाक हातात घेतली आणि शिवणीचं लाकूड ओळखलं. तसलाच जुना वाळलेला ठोकळा माझ्याकडं होता. फारुकनं जाडी मापली, आतली पोकळी मापली, वरचा उतार मापला. घंटा तयार झाली तेव्हा मी दोन्हींत फरक सांगू शकलो नसतो. शेडमध्ये वाजवली तर समोरचा चहावाला मान वळवून बघायला लागला.

आठ-दहा दिवसांनी द्वारकाबाई परत. म्हणाली, फारुक, तुही घंटा मुकी हाय रे.

फारुकनं दुसरी केली. तिच्यापेक्षाही जास्त जीव ओतून. ती नेली आणि तीही परत आली. मधल्या दिवसांत एक वाईट गोष्ट झाली होती. संध्याकाळी लाली खाली उतरली नाही, द्वारकाबाई तिला शोधत अंधार पडेस्तोवर डोंगरात फिरली आणि ओढ्यात पाय मुरगळून बसली. गावची माणसं बॅटऱ्या घेऊन गेली तर लाली तिच्यापासून हाकेच्या अंतरावर गवतात उभी होती. देविदास घाबरला. त्याच्या जागी मी असतो तरी घाबरलो असतो. त्यानं ठरवून टाकलं की जनावरं सेनगावच्या पाहुण्याला द्यायची आणि आईनं आता घरी बसायचं. पाहुणा गाडी घेऊन येणार, तो दिवसही ठरला. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी.

हे सांगताना द्वारकाबाई रडली नाही. फक्त म्हणाली, “घरी बसून मी काय करू रे, भिंतीला चारू का?”

त्यानंतर फारुकचं खरादावर लक्ष नव्हतं. लाटणी जाड-बारीक होत होती. शेडमध्ये वाजणारी घंटा डोंगरात मुकी काहून होते, हे एकच तोंडात. मी म्हणालो, बाबा, तिला तसं वाटत असेल. तो म्हणाला, चार पावलांवर गाय असून तिला सापडली न्हाई, हे वाटणं न्हाई. अमावस्येला जाऊन बघू.

म्हणजे माझी अमावस्या गेली.

सकाळी त्याच्या मोटारसायकलवर निघालो. त्याच्या बायकोनं, नजमुन्निसाभाभीनं डबा दिला होता. भाकरी, भरली वांगी, तिळाची चटणी. अमावस्या आहे म्हणून ती माझ्यासाठी अंडंसुद्धा डब्यात घालत नाही, हे मी नाही सांगितलेलं, तिनं आपणहून धरलेलं आहे. थंडी होती. दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या, काही शेंगांवर आल्या होत्या. फारुकच्या खांद्याला पिशवी आणि पिशवीत ती परत आलेली दुसरी घंटा. पहिली लालीच्या गळ्यातच होती.

गावात देविदास गोठ्याशी भेटला. चांगला माणूस, पण ठरवलं की ठरवलं. आम्ही कशाला आलो हे ऐकून म्हणाला, बघा तुम्हाला काय बघायचं ते, दुपारनंतर मी वर येतो. आई मला बसल्या जागेवरून लाली कुठं आहे ते दाखवील, तर गाय राहील. नाही तर उद्या गाडी येणारच आहे. द्वारकाबाई शेजारीच काठी घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, मनाला लागलं असेल.

डोंगरावर चढून आम्ही एका सपाट खडकावर बसलो. समोर ओढा, ओढ्यापलीकडं गवताची उतरण, मध्ये मध्ये साग. लाली आणि मागची जनावरं ओढा ओलांडून गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. द्वारकाबाईनं काटक्या गोळा करून तुरीच्या हिरव्या शेंगा भाजायला घातल्या. मी म्हणालो, हे बरं आहे. आणि आडवा झालो.

घंटा वाजत होती. आडवं पडल्या पडल्या मला स्वच्छ ऐकू येत होती. टाक-टाक, मग थांबणं, मग पुन्हा टाक. प्रत्येक वेळी माझी मान आपोआप तिकडं वळायची. मी म्हटलं, झालं, चांगली वाजतेय, आता जेवू. तेवढ्यात द्वारकाबाई म्हणाली, “बघा. मुकी.”

मी उठून बसलो. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तोंड उघडलं आणि फारुकनं माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला दाबून ठेवला. माझ्याकडं न बघता तो द्वारकाबाईला म्हणाला, व्हय मावशी, बघू काय होतं ते.

मला राग आला. घंटा ठणठणीत वाजत होती आणि त्याच घंटेला मुकी म्हणत होती बाई, आणि फारुकसारखा माणूस, जो ओट्यावर बाटली आडवी ठेवून गिऱ्हाइकाला खोटं पाडतो, तो मुकाट्यानं ऐकत होता. मी शेंगा खात बसलो. गरम शेंगांनी राग थोडा उतरतो, हा माझा अनुभव आहे.

फारुक मात्र घंटेकडं बघतच नव्हता. तो बाईकडं बघत होता. आमच्या डोक्यावरून एक टिटवी कर्कश ओरडत गेली. इतकी जवळून की मी खांदे आकसले. द्वारकाबाई शेंगा सोलत राहिली. थोड्या वेळानं ओढ्याच्या पलीकडून, पार वरच्या झाडीतून भारद्वाज घुमायला लागला. हूप, हूप, हूप. तो पक्षी दिसायला मोठा, पण आवाज असा की जमिनीतून आल्यासारखा. द्वारकाबाईनं लगेच मान वर केली, हात जोडले आणि म्हणाली, भारद्वाज बोलला, चांगलं झालं.

फारुकनं शेंग तशीच हातात धरून ठेवली. मग तो सहज गप्पा मारतोय असं दाखवत एकेक विचारायला लागला. तिच्या डाव्या बाजूला बसून बोलला, मग उजव्या बाजूला. बारीक काडी मोडली, मग जाड फांदी गुडघ्यावर मोडली. काडीला बाईनं दाद दिली नाही, फांदीला दचकली. मी बघत होतो आणि मलाही हळूहळू कुतूहल वाटायला लागलं होतं, पण मी ते त्याला कळू दिलं नाही.

मग त्यानं विचारलं, मावशी, जुनी घंटा फुटायच्या आधी कशी वाजायची? ती म्हणाली, शेवटी शेवटी तीही हळू वाजायला लागली होती. फुटायची होती ना, म्हणून. आधी कळतं लाकडाला.

फारुक उठला आणि पाणी बघून येतो म्हणून मला ओढ्याकडं घेऊन गेला. खाली उतरल्यावर म्हणाला, “घंटा मुकी न्हाई, संतराम. मावशीचा कान बारीक आवाज सोडून राहिलाय. जाड आवाज धरतो अजून. टिटवी डोक्यावरून गेली ती न्हाई आली ऐकू, अन् भारद्वाज त्या टोकावरून आला.”

खरं सांगतो, मी तिथंच खडकावर बसलो. आम्ही दोघांनी त्या जुन्या घंटेची सगळी मापं घेतली होती. जाडी, उंची, पोकळी, लाकूड. घंटा कुणी ऐकायची त्या माणसाचं माप घ्यायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. गाईच्या गळ्याची दोरीसुद्धा मापली होती.

मी म्हणालो, मग सोपं आहे. देविदासला सांगू, हिंगोलीला नेऊन कानाचं मशीन बसवून आणेल. फारुक म्हणाला, आणेल, पण उद्या गाडी येणार ती थांबेल का? आई बहिरी झाली हे कळलं की तो म्हणेल, बघा, मी सांगत होतो ना. आणि मावशी स्वतः कबूल करेल का? इतके दिवस ती घंटेला मुकी म्हणून राहिली, स्वतःला बहिरी न्हाई.

त्यानं पिशवीतून दुसरी घंटा काढली. बोटानं टिचकी मारली आणि कानाशी धरली. म्हणाला, आतून आणखी पोखरली, भिंती पातळ केल्या, की आवाज जाड होईल. खरादावर त्यानं डबे पोखरलेत, त्याला ते माहीत होतं. मी म्हणालो, शेडमध्ये चल. तो म्हणाला, देविदास दुपारी येणार. इथंच करायचं.

इथं कशानं करायचं? अमावस्येला मी साधी पटाशीसुद्धा सोबत घेत नाही. फारुक वर गेला आणि द्वारकाबाईचा गवत कापायचा विळा मागून आणला. खडकावर फतकल मारून बसला आणि विळ्याच्या टोकानं घंटेचं पोट खरवडायला लागला.

खरादी माणूस. लाकूड फिरतं आणि हत्यार स्थिर असतं, हे त्याच्या हाताचं वळण. इथं लाकूड स्थिर आणि हत्यार फिरवायचं. विळा घसरत होता, भुगा पडण्याऐवजी ढलप्या निघत होत्या, एकदा अंगठाच कापला असता. मी तोंड फिरवून बसलो. बघवेना. शिवणीचं चांगलं लाकूड असं कुणी कुरतडलेलं मी बघू शकत नाही. अमावस्येला हत्यार धरणार नाही, हा माझ्या बापाला दिलेला शब्द होता. पण त्या बाईला उद्यापासून भिंतीला चारत बसावं लागणार होतं, हेही डोक्यातून जात नव्हतं.

थोडा वेळ मी विचार केला. वाकस सुताराचा, पटाशी सुताराची, रंधा, करवत, गिरमिट सुताराचं. विळा कुणाचा? विळा कुणब्याचा. अमावस्येला सुतारानं कुणब्याच्या विळ्याला हात लावू नये असं माझ्या बापानं कधी सांगितलेलं मला आठवेना. मी फारुकच्या हातातून विळा काढून घेतला. म्हणालो, सरक. तो सरकला. काही विचारलं नाही, ही त्याच्या आयुष्यातली एकमेव वेळ असेल.

विळ्याच्या पात्याला चिंधी गुंडाळून टोकाशी बोटभर पातं मोकळं ठेवलं आणि मी आतून लाकडाच्या रेषा धरून खरवडत गेलो. थोडं काढायचं, की फारुक लोलक आपटून बघायचा. आधी टाक. मग टोक. मग आवाज खाली खाली यायला लागला. फारुकच्या तोंडावर ते लहान पोरासारखं हसू आलं. तो म्हणाला, आणखी. मी काढलं. तो म्हणाला, आणखी. मी म्हणालो, आता भिंत चिरेल. एवढीच घंटा आहे आपल्याकडं. त्यानं ती कानाशी धरून हळूच वाजवली, डोळे मिटले आणि म्हणाला, थोडंसंच. मी श्वास धरून थोडंसंच काढलं. लोलक त्यानं बाभळीच्या पडलेल्या फांदीचा जाड तुकडा घेऊन बदलला. मग वाजवली. ठोंब. ठोंब. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. मला उगाच भरून आलं आणि मी शिंकल्याचं सोंग केलं.

ओढ्यापलीकडं जाऊन मी लालीच्या गळ्यातली घंटा बदलली. काढलेली पहिली घंटा पिशवीत टाकली. लालीनं मान हलवली आणि तो आवाज गवतातून चालत गेल्यासारखा गेला. मी परत खडकावर आलो तेव्हा द्वारकाबाई उभी होती. काठी टेकून, मान थोडी कलती करून. मग तिनं काठी उचलून उतरणीकडं केली, सागाच्या एका जोडझाडाकडं, आणि म्हणाली, तिथं हाय. थोड्या वेळानं त्याच झाडाच्या बाजूला गवत हललं आणि लालीची पाठ दिसली.

फारुकनं आधी डबा उघडला. भाकर मोडून द्वारकाबाईच्या हातावर ठेवली, मग माझ्या. त्या दिवशीच्या वांग्यासारखं वांगं मी परत खाल्लं नाही.

ऊन कलल्यावर देविदास वर आला. त्यानं आईला ओढ्याकडं पाठ करून बसवलं आणि स्वतः पलीकडं जाऊन लालीला हाकत हाकत उतरणीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तो परत येईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. परत आल्यावर म्हणाला, दाखव आई. घंटा वाजली. ठोंब. बाईनं मागं न बघता हात वर केला आणि बरोब्बर त्या टोकाकडं बोट केलं. देविदासनं पुन्हा एकदा जागा बदलून बघितली. पुन्हा तसंच.

देविदासच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं दिसलं. पण तो हुशार माणूस. पिशवीतून डोकावणारी पहिली घंटा त्यानं उचलली, वाजवली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “ही तर मला रोज ऐकू येऊन राहिली होती. लाली गावाशी उतरायच्या आधी कळायचं मला. मग आईला काहून न्हाई? म्हणजे आईचा—”

“लाकूड कच्चं होतं,” फारुक मध्येच म्हणाला. “आवाज जवळ यायचा, लांब जात न्हवता. मही चूक हाय, देविदास.”

मी फारुकच्या तोंडाकडं बघतच राहिलो. इतक्या वर्षांत मी त्या तोंडातून हा शब्द ऐकला नव्हता. आणि आता ऐकला तो खोटा. लाकूड माझं होतं, जुनं, खणखणीत वाळलेलं. ती घंटा मी स्वतः आडवं पडून ऐकली होती.

देविदास चिडला. चिडणारच. म्हणाला, चाचा, तुमच्या कच्च्या लाकडापायी माय ओढ्यात पडली. तुमच्या पायी मी दावणीची गाय लोकाला देऊन राहिलो होतो. सगळा तालुका म्हणतो फारुक खराद्याच्या हातात खोट न्हाई, आता मीच सांगतो चार लोकांना. फारुक मान खाली घालून उभा होता. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. बोलावं तर बाईची गाय जाते आणि न बोलावं तर माझ्या मित्राची अब्रू जाते, असा मी दोन्हीकडून अडकलो होतो.

“देविदास, गप रे,” द्वारकाबाई म्हणाली. ती काठी टेकत टेकत त्याच्यापुढं आली. “त्याला बोलू नको. घंटा मुकी न्हवती. मलाच ऐकू येत न्हवतं.”

देविदास थांबला. फारुक म्हणाला, न्हाई मावशी, खरंच लाकूड... पण तिनं त्याला हातानं गप्प केलं.

“मला कान न्हाईत, डोळे हायत,” ती म्हणाली. “या संतरामची मान घडीघडी लालीकडं वळायची. सकाळपासून बघून राहिले मी. मला वाटलं होतं, घंटाच खराब निघाली असंल. असंच म्हणत बसले मी इतके दिवस, अन् या लेकराच्या कामाला बट्टा लावला.”

फारुक साठीला आला आहे. त्याला लेकरू म्हणणारं माणूस आता औंढ्यात कुणी उरलेलं नाही. तो वळून ओढ्याकडं बघायला लागला.

देविदासच्या हातात ती पहिली घंटा तशीच होती. मी म्हटलं, आता संपलं. बाईनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकलं, आता उद्या गाडी येणार आणि लाली जाणार. तेवढ्यात पलीकडच्या गवतात आवाज झाला. ठोंब. लाली जागा सोडून वरच्या बाजूला निघाली होती. आम्हा तिघांच्या माना वळायच्या आधी द्वारकाबाईनं काठी उचलून वर केली. म्हणाली, “ही येती ऐकू. ती बघ, वर निघाली. हाक तिला, न्हाई तर पलीकडच्या शिवारात उतरंल.”

देविदास आईकडं बघत राहिला. मग तो लालीला वळवायला गेला नाही. त्यानं बाईलाच जाऊ दिलं. ती काठी टेकत ओढ्यात उतरली, पलीकडं चढली आणि गवतात शिरली. ती दिसेनाशी झाली तरी तिचं ‘हय, हय’ ऐकू येत होतं आणि त्याच्या पुढं पुढं ती घंटा.

देविदासनं खिशातून फोन काढला. डोंगरावर रेंज मिळेना, म्हणून तो खडकावर चढून उभा राहिला आणि सेनगावच्या पाहुण्याला मोठ्यानं म्हणाला, “उद्या गाडी आणू नका भाऊ. न्हाई, न्हाई, तब्येत बरी हाय. आई चारून राहिली.”